मुंबईची पोलिश वकिलात आणि कृष्णाकाठचे निर्वासित

मराठेशाहीत परक्या दरबारी ठेवलेल्या प्रतिनिधीला वकील म्हणत. वकिलात हा शब्द त्यातूनच आला. पोलंडने आपली अशी वकिलात १९३३ साली मुंबईत उघडली, तेव्हा तिच्यापुढे व्यापारापलीकडे फारसे काम नव्हते. एऊगेनिउश बनाशिन्स्की हे तिथले कॉन्सल जनरल. दहा वर्षांच्या आत या छोट्या कचेरीवर हजारो माणसांच्या अन्नवस्त्राचा, शाळांचा आणि दवाखान्यांचा भार येऊन पडला. ती माणसे सैबेरिया आणि मध्य आशियातून आली होती. त्यांतली काही पाचगणीच्या टेकड्यांवर विसावली आणि पुष्कळशी मिरजेवरून पुढे पंचगंगेकाठच्या वळिवड्याला गेली. त्यांत बहुसंख्य कॅथलिक होते, थोडे ज्यूही होते.

दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना वाचवणाऱ्या राजनैतिक अधिकाऱ्यांची नावे घेताना साधारणपणे लिथुआनियातल्या कौनास शहरातला जपानी अधिकारी चिऊने सुगिहारा आठवतो. १९४०च्या जुलै-ऑगस्टमध्ये वरिष्ठांच्या आज्ञा बाजूला सारून त्याने हाताने व्हिसा लिहून दिले. ते घेऊन जपानला पोचलेल्या पोलिश ज्यूंना पुढचा देश मिळवून देण्याचे काम टोकिओतील पोलिश राजदूत तादेउश रोमर यांनी केले. सुगिहाराचे नाव जगभर झाले. रोमर यांचे काम तेवढेच चिवट होते, पण ते इतिहासाच्या अभ्यासकांपुरते राहिले. जेरुसलेमची याद वाशेम ही संस्था ज्यूंना वाचवणाऱ्या इतरधर्मीयांना सन्मान देते. त्यासाठी स्वतःचा जीव किंवा पद धोक्यात घातले होते का, हे ती पाहते. मुंबईत बसलेल्या कॉन्सलला जिवाचा धोका नव्हता. त्याला पैसा, परवाने, आगगाडीचे डबे आणि राहायला जागा एवढे सगळे एकाच वेळी जमवायचे होते. असल्या कामाला कोणी पराक्रम म्हणत नाही. पण व्हिसा मिळालेला माणूस सहा महिन्यांनी कुठे झोपणार, हा प्रश्न अशा कामानेच सुटतो.

भारताचे दार ज्यूंसाठी पूर्ण बंद नव्हते आणि पूर्ण उघडेही नव्हते. महाराष्ट्राला ज्यू नवे नव्हते. कोकणातले बेने इस्राएल शतकानुशतके तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली हे नाव पडले. घरात बोलायची भाषा मराठीच. हिटलर सत्तेवर आल्यानंतर जर्मनी आणि ऑस्ट्रियातून येऊ लागलेले डॉक्टर, इंजिनिअर, संगीतकार मात्र वेगळे होते. ते युरोपीय होते आणि बहुतेक निर्धन झालेले होते. हा माणूस सरकारवर बोजा होणार नाही, अशी हमी कोणी दिली तरच ब्रिटिश सरकार त्याला आत घेई. ही हमी देण्यासाठी आणि आलेल्यांना कामधंदा मिळवून देण्यासाठी मुंबईत १९३४ साली ज्यूइश रिलीफ असोसिएशन स्थापन झाली. जवाहरलाल नेहरूंनीही या शिकलेल्या निर्वासितांचा देशाला उपयोग होईल अशी बाजू मांडली होती.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटन युद्धात उतरले आणि या लोकांची विचित्र कोंडी झाली. हाती जर्मन पासपोर्ट, म्हणून ते एका रात्रीत शत्रुदेशीय ठरले. त्याच पासपोर्टवर १९३८च्या ऑक्टोबरपासून जर्मन सरकार ज्यूंसाठी लाल ‘जे’ अक्षराचा शिक्का मारत होते, म्हणजे ज्या देशाचे म्हणून त्यांना पकडले गेले, त्या देशाने त्यांना आधीच वेगळे काढले होते. पुढे २५ नोव्हेंबर १९४१च्या फर्मानाने परदेशी राहणाऱ्या जर्मन ज्यूंचे नागरिकत्वच रद्द झाले. भारतात पकडलेल्यांना प्रथम अहमदनगरच्या छावणीत ठेवण्यात आले. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी करून नाझीविरोधी ठरलेल्या अनेकांना सोडले. पण १९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स कोसळला, धास्ती वाढली आणि पुन्हा धरपकड झाली. नगरच्या कैद्यांना देवळालीमार्गे शेवटी डेहराडूनला हलवले. स्त्रिया, मुले आणि कमी धोक्याची मानलेली कुटुंबे यांच्यासाठी वेगळ्या पॅरोल छावण्या निघाल्या. त्यांतली एक पुरंदर किल्ल्यावर होती, दुसरी साताऱ्यात.

पॅरोल म्हणजे पळून जाणार नाही असा दिलेला शब्द. तो दिला की काटेरी तार थोडी सैल होई. ठरलेल्या हद्दीत फिरता येई, मुलांबरोबर राहता येई, मात्र हजेरी चुकत नसे. साताऱ्याच्या छावणीत जर्मन कुटुंबे होती आणि त्यांत ख्रिस्ती मिशनऱ्यांचा मोठा भरणा होता. पुरंदरावर ज्यू निर्वासित आणि इतर जर्मन एकाच डोंगरावर आले. छळ टाळून आलेला आणि छळणाऱ्या राजवटीचा अभिमान बाळगणारा हे दोघे सरकारी वहीत एकाच रकान्यात बसत होते. ज्या किल्ल्यावर संभाजीराजांचा जन्म झाला आणि ज्याच्या पायथ्याशी मिर्झाराजे जयसिंगाशी तह झाला, तिथे गोऱ्या सैनिकांच्या आरोग्यासाठी बांधलेले बंगले आणि बराकी या कामी आल्या.

एक गंमत इथे नोंदवण्यासारखी आहे. त्या वेळचा सातारा जिल्हा मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग त्यात मोडे. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार याच जिल्ह्यात चालले होते. एका बाजूला ब्रिटिश सरकार निरुपद्रवी जर्मन बायकामुलांची रोज मोजदाद करत होते, दुसऱ्या बाजूला त्याच जिल्ह्यातल्या गावांत त्याच सरकारचे पोलीस फिरकायला कचरत होते.

पोलिश ज्यूची गोष्ट वेगळी होती. पोलंड मित्रराष्ट्र होते, लंडनमध्ये त्याचे परागंदा सरकार होते आणि मुंबईत त्या सरकारचा कॉन्सल होता. वॉर्साचा ज्यू आणि व्हिएन्नाचा ज्यू एकाच छळातून पळाले, तरी भारतात उतरल्यावर एकाच्या पाठीशी वकिलात उभी राही आणि दुसऱ्यापुढे पोलीस. माणूस तोच, कागद वेगळा.

या कागदाची किंमत औंध संस्थानाला चांगली माहीत असायला हवी, कारण तिथल्या राज्यघटनेचा आराखडा एका पोलिश ज्यूनेच केला होता. मॉरिस फ्रीडमन हा वॉर्साचा ज्यू इंजिनिअर युद्धाआधीच भारतात आला होता. म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी त्याला बंगळूरच्या सरकारी विजेच्या कारखान्यासाठी बोलावून घेतले. कारखाना चालवता चालवता तो रमण महर्षींकडे ओढला गेला, गांधीजींच्या चरख्यात सुधारणा सुचवू लागला, भगवी वस्त्रे घालून भारतानंद झाला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत ऑक्सफर्डहून शिकून आले होते. त्यांची आणि फ्रीडमनची गाठ पडली आणि त्यातून एक अजब प्रयोग उभा राहिला. राजाने आपली सत्ता प्रजेच्या हाती द्यायची, असे ठरले. आराखडा फ्रीडमनने केला, सल्ला गांधीजींनी दिला आणि जानेवारी १९३९मध्ये औंधची स्वराज्य राज्यघटना अमलात आली. गावची पंचायत, तिच्यावर तालुक्याचे मंडळ आणि सर्वांत वर विधिमंडळ, अशी तिची उतरंड होती. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारा हा राजा स्वतःच्या खर्चालाही मर्यादा घालून घेण्यास तयार झाला.

औंधचा मुलूख एकसंध नव्हता. औंध आज सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात आहे, तर कुंडल आणि आटपाडी सांगली जिल्ह्यात. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली ज्या माळरानावर कारखान्यासाठी जागा मिळाली, तो माळ कुंडलजवळचा, याच संस्थानाचा. पुढे कुंडल प्रतिसरकारचे मोठे केंद्र झाले, त्यालाही संस्थानी हद्दीचा उपयोग झाला. आटपाडीजवळ फ्रीडमनच्या कल्पनेतून स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे भिंतीशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागले. व्ही. शांताराम यांच्या १९५७च्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाचे मूळ या वसाहतीत आहे. युरोपात ज्यूंना कोंडण्यासाठी भिंती बांधल्या जात होत्या, त्याच सुमारास वॉर्साचा एक ज्यू माणदेशात भिंत नसलेला तुरुंग उभारत होता. या विरोधाकडे महाराष्ट्राच्या इतिहासलेखनाने पुरेसे लक्ष दिलेले नाही.

पोलंडमध्ये तोवर अनर्थ झाला होता. १ सप्टेंबर १९३९ला पश्चिमेकडून जर्मनी घुसला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशिया. रशियाने आपल्या ताब्यातल्या भागातून फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या काळात चार लाटांत माणसे उचलून सैबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेच्या जंगलांत टाकली. सोव्हिएत दप्तरातील आकड्यांवरून त्यांची संख्या सव्वातीन लाखांच्या आसपास भरते. जून १९४०च्या लाटेत बहुसंख्य ज्यू होते. ते जर्मन भागातून जीव वाचवून पूर्वेला आलेले होते. ही हद्दपारी भयंकर होती, भुकेने आणि थंडीने असंख्य मेले. तरीही जे मागे राहिले त्या ज्यूंपैकी बहुतेकांना पुढे जर्मनांनी मारले. जुलूम करणाऱ्या एकाने नकळत दुसऱ्याच्या तावडीतून सोडवले, असा हा उलटा न्याय.

जून १९४१मध्ये जर्मनी रशियावर उलटला आणि ३० जुलै १९४१ला पोलिश परागंदा सरकार व सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला. कैदी सुटले. जनरल आंदेर्स यांच्या सैन्यामागोमाग त्यांची कुटुंबे आणि अनाथ मुले दक्षिणेकडे निघाली. १९४२मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून सुमारे १,१५,००० लोक इराणात पोचले. त्यांत सुमारे ३७,००० नागरिक होते. ज्यू मात्र पाच-सहा हजारांहून अधिक नव्हते. ज्यूंना सैन्यात आणि जहाजावर घेताना आडकाठी झाली. सोव्हिएत अधिकारी त्यांना पोलिश नागरिक मानायला तयार नव्हते आणि पोलिश अधिकाऱ्यांतही ज्यूद्वेष होता. ही बाजू झाकून ठेवली तर उरलेली कहाणी खोटी गोड होईल.

मुंबईची वकिलात त्याआधीच कामाला लागली होती. किरा बनाशिन्स्का या कॉन्सलच्या पत्नी पोलिश रेड क्रॉसच्या भारतातील प्रतिनिधी होत्या आणि धडाडीत त्या पतीच्या पुढे होत्या असे म्हणायला जागा आहे. औषधे आणि कपडे घेऊन ट्रकांचा तांडा क्वेट्टा, झाहेदान, मशहदमार्गे सोव्हिएत सरहद्दीपलीकडे अश्काबादला गेला. व्हाइस कॉन्सल तादेउश लिशेत्स्की या मोहिमेत होते. परतताना त्याच ट्रकांतून अनाथ मुले आणली. वॉर्साची प्रसिद्ध गायिका हांका ऑर्दोनुव्ना स्वतः हद्दपारीतून सुटलेली, आजारी. तीही या मुलांबरोबर आली. मुले आधी वांद्र्याला उतरली आणि जुलै १९४२मध्ये नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे बांधलेल्या वसाहतीत गेली. खर्चासाठी इतर संस्थानिकांनी आणि उद्योगपतींनीही देणग्या दिल्या. बालाचडीच्या मुलांत मोजकी ज्यू मुले होती. ती पुढे पॅलेस्टाइनला रवाना झाली.

ज्यू मुलांचा याहून मोठा तांडा भारताच्या किनाऱ्याला नुसता लागून गेला. इराणात जमलेल्या ज्यू अनाथांना पॅलेस्टाइनला न्यायचे होते. सरळ रस्ता इराकमधून होता, पण इराकने वाटेचा परवाना नाकारला. म्हणून जानेवारी १९४३मध्ये सातशेहून अधिक मुलांना ‘डुनेरा’ जहाजात बसवून उलट दिशेने कराचीला आणले, काही काळ तंबूंत ठेवले आणि दुसऱ्या जहाजाने एडनवरून सुएझला नेले. १८ फेब्रुवारी १९४३ला ती पॅलेस्टाइनमधील अतलितला पोचली. इतिहासात ती ‘तेहरानची मुले’ म्हणून ओळखली जातात.

बालाचडी लहान मुलांची होती. आया, वृद्ध आणि मोठी मुले यांच्यासाठी जागा हवी होती. ती कोल्हापूर संस्थानात वळिवडे येथे निघाली आणि १९४३च्या मध्यापासून तिथे माणसे येऊ लागली. पुढे त्यांची संख्या पाच हजारांच्या घरात गेली. मुंबई-पुण्याकडून आगगाडीने कोल्हापूरला जायचे तर मिरज जंक्शनला वळसा घालण्यावाचून गत्यंतर नाही. उझबेकिस्तानच्या धुळीतून निघालेली ही माणसे सांगली-मिरजेच्या या हिरव्या उसाच्या पट्ट्यातून पुढे गेली.

वळिवड्याचे श्रेय देताना आज ‘कोल्हापूरच्या महाराजांनी आश्रय दिला’ असे सर्रास लिहिले जाते. ते सैल विधान आहे. छत्रपती राजाराम महाराज १९४०च्या नोव्हेंबरात वारले होते. गादीवर दत्तक आलेले शिवाजी महाराज तान्हे होते आणि कारभार रीजन्सीकडे होता. छावणी कुठे काढायची हे ब्रिटिश सरकारने ठरवले आणि खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारच्या खात्यावर पडला. संस्थानाने जमीन आणि सोयी दिल्या, आसपासच्या गावांनी दूध, भाजी, कोंबड्या विकल्या आणि माणुसकी दाखवली. हे श्रेय लहान नाही, पण ते नेमके सांगावे.

छावणीत बहुतेक बायका-मुलेच होती, कारण धडधाकट पुरुष आंदेर्सच्या सैन्यात होते. ते १९४४च्या मे महिन्यात इटलीत मॉन्ते कासिनोच्या लढाईत लढले. लांबच लांब बराकी, त्यांत खोल्या, समोर ओटा आणि बायकांनी हौसेने लावलेली फुलझाडे. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकगृह, बालवीर पथके, सगळे पोलिश भाषेत चाले. वांदा दिनोव्स्का ही फ्रीडमनची सहकारी. गांधीजींच्या सहवासात ती उमादेवी झाली होती. ती इथल्या मुलांना भारताची ओळख करून देई. १९४४ साली तिने आणि फ्रीडमनने इंडो-पोलिश ग्रंथालय ही पुस्तकमाला काढली आणि भारतीय ग्रंथ पोलिशमध्ये, पोलिश साहित्य इंग्रजीत आणले.

हद्दपारीने अनेकांची फुफ्फुसे पोखरली होती. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३चा, वापर त्यानंतरचा. कोरडी थंड हवा, सकस अन्न आणि सक्तीची विश्रांती हाच उपचार. त्यासाठी सुमारे १,३०० मीटर उंचीवरची पाचगणी सोयीची होती. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी तिथे बेल-एअर हे क्षयरुग्णांचे आरोग्यधाम काढले होते आणि निवासी शाळांची परंपराही जुनी होती. अशक्त पोलिश मुले आणि रुग्ण तिथे ठेवले गेले, काही मुली कॉन्व्हेंटात शिकल्या. टेबललँडच्या खाली कृष्णेचे खोरे पसरलेले आणि व्हरांड्यात पोलिश मुले पडून राहिलेली, असे ते दिवस. त्याच जिल्ह्याच्या मुख्य गावी जर्मन मुले हजेरी देत होती.

५ जुलै १९४५ला ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील कम्युनिस्ट सत्तेला मान्य केले. ज्या कागदावर बनाशिन्स्कींची सारी सत्ता उभी होती, तो एका दिवसात निकामी झाला. कॉन्सलचे पद संपले. ती पाच हजार माणसे कोणत्या देशाची नागरिक, हेच संदिग्ध झाले. छावणीची सूत्रे संयुक्त राष्ट्रांच्या मदत संघटनेकडे, उन्राकडे गेली. बालाचडीच्या मुलांना कम्युनिस्ट पोलंडला पाठवावे लागू नये म्हणून जामसाहेबांनी इतरांसह त्यांना कायद्याने दत्तक घेतले. कागदाने आलेले संकट कागदानेच परतवले गेले. १९४६मध्ये बालाचडी बंद झाली आणि उरलेली मुले वळिवड्याला आली. त्याच वर्षाच्या अखेरीस भारतातले बहुतेक जर्मन कैदी जहाजाने जर्मनीला पाठवण्यात आले. पोलिश लोकांना परतायला घर उरले नव्हते. त्यांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. बहुतेक जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका आणि आफ्रिकेतील छावण्यांकडे पांगले. १९४८मध्ये वळिवडे रिकामे झाले.

किरा बनाशिन्स्का परत गेल्या नाहीत. पुढे हैदराबादेत राहून त्यांनी अनेक वर्षे समाजकार्य केले. फ्रीडमनही भारतातच राहिला. मुंबईच्या खेतवाडीत निसर्गदत्त महाराज मराठीतून जे बोलत, ते त्याने इंग्रजीत आणले आणि १९७३ साली ‘आय अ‍ॅम दॅट’ हे पुस्तक जगापुढे आले. औंधचे अप्पासाहेब पंत स्वतंत्र भारताचे राजनैतिक अधिकारी झाले. नैरोबीत आफ्रिकी स्वातंत्र्याची बाजू घेतल्याने ब्रिटिशांच्या डोळ्यांत ते सलू लागले आणि १९५४मध्ये त्यांना तिथून हलवावे लागले. १९५५ ते १९६१ ते गंगटोकला होते. १९५९मध्ये दलाई लामांच्या मागोमाग तिबेटी निर्वासितांचे लोंढे हिमालय उतरू लागले, तेव्हा सरहद्दीवरच्या त्या महत्त्वाच्या जागी औंधचा हा राजपुत्र होता. या तिबेटी निर्वासितांच्या मुलांच्या पुनर्वसनात फ्रीडमन आणि दिनोव्स्का पुन्हा गुंतले.

वळिवड्याच्या रिकाम्या बराकींत फाळणीने घर गमावलेले सिंधी आले. वसाहतीला गांधीनगर हे नाव पडले. २०१७ साली वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे राहिले. आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर अजून चालू आहे. मिरजेहून कोल्हापूरकडे निघालेली पॅसेंजर रुकडीनंतर वळिवडे या छोट्या स्थानकावर थांबते. तिथे उतरणारे बहुतेक लोक गांधीनगरच्या बाजारात कापड घ्यायला आलेले असतात.